घरटी एक माणूस

आमच्या गावात कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की घरटी एक माणूस बरोबर जातो. हे कुणी ठरवलेलं नाही आणि कुणी कुणाला सांगतही नाही. आळीत बातमी फिरते, टेम्पो निघतो, आणि ज्या घरातून कुणी आलं नाही त्या घराचं नाव पुढच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवलं जातं. आमच्या घरातून नेहमी बाबा जात. लहानपणी मला त्याचं फार कौतुक वाटायचं. परत आले की हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि हकिगत सांगायचे. डॉक्टर आधी कसा ढुंकून बघत नव्हता, मग दारात एवढी माणसं उभी दिसल्यावर कसा धावला. "माणसं होती म्हणून," असं म्हणत ते चहाची बशी तोंडाला लावायचे. आई म्हणायची, "मग! माणसाला माणूस लागतंच." मी मनात ठरवायचे की आपण डॉक्टर झालो तर असं ढुंकून न बघणाऱ्यातलं व्हायचं नाही.

डॉक्टर मी झाले, म्हणजे जवळजवळ झाले. एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झाले आणि इंटर्नशिपमधला गावाकडचा भाग करायला मी रोह्याला आले. माझं गाव पेण तालुक्यात, गागोद्याच्या बाजूला. पेण म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही गणपती करता?" नाही हो, आम्ही भात करतो आणि भात निघालं की वाल. गणपती आम्हीही विकतच आणतो.

बाबांनी पेणला बाजाराच्या तोंडाशी एक गाळा हेरून ठेवला होता. खाली औषधांचं दुकान, वर मी. मी बारावीला होते तेव्हापासून हा गाळा आमच्या घरात पाहुण्यासारखा राहत होता, रोज त्याचा विषय निघायचा. बाहेरगावी जाऊन शिकायचं, पण बसायचं पेणलाच, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती. खरं सांगायचं तर मला त्याचा माज होता.

कारण आमच्या बॅचमध्ये ज्याला त्याला परदेशी जायचं होतं. मेसमध्ये दुसरा विषय नसायचा. कुणाला पुढच्या शिक्षणाची जागा मिळण्याची आशा नव्हती, कुणाला तिकडे डॉक्टरला रात्री झोपू देतात याचंच अप्रूप होतं, कुणाच्या होणाऱ्या सासूला परदेशातली सून हवी होती. आणि लग्नाकार्यात भेटणारे काका लोक या सगळ्यांना एकाच काठीनं हाकायचे: "पैशासाठी जातात हो. इथल्या लोकांच्या जिवावर शिकायचं आणि सेवा गोऱ्यांची करायची." मी या बाबतीत काकांच्या बाजूची. बॅचमधल्या पोरांना मी तोंडावर पळपुटे म्हणत असे.

रोह्यातली माझी खोलीतली मैत्रीण या पळपुट्यांतलीच. ती अकोल्याकडची. बारीक अंगाची, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलताना दर दोन वाक्यांनी "काहून" म्हणणारी. इंग्लंडच्या परीक्षेची पुस्तकं तिच्या उशाला असायची. मी तिला छळायचे. "तिकडं थंडीत नाक गळेल, कोण पुसणार?" असं काहीतरी म्हणायचे. ती चिडायची नाही. एकदाच म्हणाली, "तू तुझ्या गावात बसशील. तुझ्या बाबांनी गाळा पाहिला. मला सरकार जिथं टाकेल तिथं मी परकीच. मग परकंच व्हायचं तर नीट जाऊन होते."

मी म्हटलं, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये." म्हण तोंडावर फेकली की वाद जिंकल्यासारखं वाटतं. ती पुन्हा पुस्तकात शिरली.

आमच्या रुग्णालयात मोठे डॉक्टर एकच होते, आम्ही त्यांना सर म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना सगळीकडे फिरवलं. वॉर्ड, प्रसूतीची खोली, ड्रेसिंगची खोली. प्रत्येक खोलीत शिरलं की एकच प्रश्न, "इथलं दुसरं दार कुठंय?" मला वाटलं आगीबिगीसाठी विचारतात. मी हुशारी करून "फायर एक्झिट" म्हटलं. ते हसले नाहीत. "पेशंट बघायच्या आधी दार बघायचं," ते म्हणाले. "आणि बरोबर किती आलेत ते मोजत बसू नका. किती गप्प आहेत ते बघा. ओरडणारा माणूस ओरडून थकतो."

हे ते ज्या साध्या आवाजात बोलले, त्यानं मला चीड आली. माणसाला इतकं घाबरून कशी काय डॉक्टरकी करायची? बाबांसारखी माणसं तर येतात दारात. त्यांना काय घाबरायचं? मी खोलीवर येऊन मैत्रिणीला म्हटलं की सर खचलेत. ती खिडकी लावत होती. वारा फिरला की शेजारच्या धाटावच्या केमिकल कारखान्यांचा वास आमच्या खोलीत यायचा. कधी जळक्या रबराचा, कधी पिकून गेलेल्या केळ्यांसारखा गोडसर. रबराच्या वासाचं तिला काही वाटायचं नाही. गोड वास आला की ती उठून खिडकी लावायची.

थंडी पडली होती आणि वालाच्या शेंगा भरत आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. सकाळची शिफ्ट लागून थोडा वेळ झाला असेल, धाटावच्या एका कंपनीची जीप आवारात आली. त्यातून उतरला तो आमच्याच गावातला, वरच्या आळीतला दादा, त्याच कंपनीत कामाला असलेला. मला शाळेत असताना पेणच्या क्लासला सायकलवर डबलसीट सोडणारा. मी त्याला बघून घाबरले आणि तो मला बघून खूश झाला.

"आयला, तू हायस होय! मग काय, वाचलो!" तो म्हणाला, आणि खोकला. त्याच्या हातात गुळाचा खडा होता. धाटावला गॅस लागला की आधी गूळ देतात. गूळ खाल्ला की छातीतलं सगळं खाली उतरतं, यावर तिथल्या ऑपरेटरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचा विश्वास. त्याच्याबरोबर आलेल्या सुपरवायझरच्या खिशातही पुडी होती.

मी विचारलं, "कसला गॅस होता?"

"गॅस कसला मॅडम," सुपरवायझर म्हणाला. "वास आला थोडा. लाईनीचं जॉइंट ढिलं होतं."

"तांबूस धूर व्हता गो," दादा म्हणाला. "विटेवानी. एकदम तोंडावरच आला."

सुपरवायझरनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतंच पाहिलं. दादानं गुळाचा खडा दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाला, "म्हंजे वाफ. वाफच असंल. आपल्याला काय कळतंय."

तांबूस धुराबद्दल आम्हाला शिकवलं होतं, आणि शिकवताना प्राध्यापकांनी दोनदा सांगितलं होतं की हा वायू फसवतो. आधी थोडा खोकला, डोळ्यांची चुरचुर. मग बराच वेळ माणूस ठणठणीत असतो, हसतो, जेवायला मागतो, आणि आत फुफ्फुसं हळूहळू पाणी धरत असतात. त्या वेळात त्यानं धावपळ केली तर संपलंच. पण हे सगळं कसला वायू होता यावर अवलंबून, आणि तेच कुणी सांगत नव्हतं. मी सुपरवायझरला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "मी त्या प्लांटचा नाही."

सर सिझेरियनमध्ये होते, आणि त्यामागे दुसरंही लागलेलं होतं. मी दारातूनच सांगितलं. आतून त्यांचा आवाज आला, "उद्या सकाळपर्यंत पलंगावरून उतरू द्यायचा नाही. चालवायचासुद्धा नाही." मी दादाला झोपवलं, ऑक्सिजन लावला. मास्कमधून तो मला डोळे मिचकावत होता.

दादानं जीपमधूनच घरी फोन केला होता. दीडएक तासात टेम्पो आला.

तो आवाज मी ओळखला. आमच्या गावचा भाजीचा टेम्पो, त्याचा हॉर्न आजारी बकरीसारखा वाजतो. माणसं उतरली. घरटी एक. सगळे ओळखीचे चेहरे, आणि मधे बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून. लेकीच्या दवाखान्यात जायचं म्हणून त्यांनी घाईतही तो कपाटातून काढून घातला होता. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मी क्षणभर दादालाही विसरले. "ही बघा," त्यांनी सगळ्यांना सांगितलं, जसं काही मला कुणी पाहिलंच नव्हतं. "आपलीच पोर डॉक्टर हाय हितं. आता काय काळजी नाय."

मी त्यांना समजावलं. धूर, फुफ्फुसं, पाणी, उद्यापर्यंत थांबणं, सगळं. सगळ्यांनी ऐकलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये घरचं पोर कविता म्हणत असलं की ऐकतात ना, तसं ऐकलं. माझं संपल्यावर एक काका म्हणाले, "हुशार हाय हां पोरगी," आणि मग सगळे दादाकडे वळले.

"काय रं, कसा हायस?"

"मस्त."

"मग चल की घरी."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. परक्या डॉक्टरनं डोळे वटारून सांगितलं असतं तर हीच माणसं दोन दिवस व्हरांड्यात झोपली असती. मी त्यांच्या मांडीवर वाढलेली, माझे शब्द ते कशाला धरतात! मी जरा आवाज चढवला तर बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगो, चांगला हाय तो. हितं डासांत कशाला ठेवतेस? घरी दूध-गूळ देतील, आराम करील. तू नवी हायस म्हणून घाबरतेस."

सुपरवायझर मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "घरी गेला तर बरंच मॅडम. उगाच ॲडमिट दिसला की चौकशी लागते. रजेचं मी बघतो."

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. सरांनी शिकवलं होतं, नेणारच असतील तर सही घ्यायची की आमच्या जबाबदारीवर नेतो. मी बाबांना म्हटलं, सही करा. बाबांचा चेहरा उतरला. मी त्यांच्या तोंडात मारली असती तरी त्यांना एवढं लागलं नसतं. "आपल्या माणसाकडनं सही?" ते म्हणाले. मागून कुणीतरी हसलं, "पोरगी शिकली नि कागद मागाय लागली!" सगळे हसले. दादा पलंगावरून उतरला होता आणि चपला शोधत होता. "बाय, रागावू नको," तो मला म्हणाला. "संध्याकाळी फोन करतो तुला."

मी आवारात धावत गेले. "त्याला चालवू नका. जरा जरी दम लागला तर पेणला न्या. कुठल्याही दवाखान्यात. ऑक्सिजन लावा म्हणावं." "व्हय, व्हय," टेम्पोतून आवाज आले. बाबांनी हात हलवला.

सर बाहेर आले तेव्हा पलंग रिकामा होता. त्यांनी विचारलं, "कुणी नेलं?" मी म्हटलं, "आमच्या गावानं." त्यांनी बराच वेळ हात धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते परत येतील. आले की तू पुढं राहू नकोस."

ती दुपार सरता सरेना. मी घरी फोन केला. आई म्हणाली, अगो चांगला खिदळतोय, संध्याकाळी पोपटी लावायचं ठरलंय, तो भांबुर्ड्याचा पाला आणायला वरच्या बांधावर गेलाय. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा. थंडीत आमच्याकडे रोज कुणाच्या तरी शेतात लागते. दादा चढ चढून पाला तोडत होता. मी फोनमध्ये किंचाळले, "त्याला झोपवा कुणीतरी!" आई म्हणाली, "ओरडतेस काय माझ्यावर? मी काय पाठवलाय त्याला?" आणि फोन ठेवला. मैत्रीण माझ्याजवळ येऊन बसली. तिनं माझा अर्धा कप चहा मला परत हातात दिला.

उन्हं कलली तेव्हा बाबांचा फोन आला. "दम लागलाय त्याला. ओठ निळे दिसतात."

"पेणला न्या. आत्ताच्या आत्ता."

"व्हय, निघालोच."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पेण जवळ आहे. पेणला माझ्यापेक्षा शहाणे डॉक्टर आहेत, ऑक्सिजन आहे. आतापर्यंत पोचले असतील, आतापर्यंत मास्क लागला असेल, असं मनात म्हणत मी येरझाऱ्या घालत होते. बाबा फोन उचलत नव्हते. गडबडीत असतील असं वाटलं. आणि अंधार पडायच्या जरा आधी आवारात तो आजारी बकरीसारखा हॉर्न वाजला.

ते पेण ओलांडून आले होते. पेणच्या सगळ्या दवाखान्यांवरून, वडखळच्या ट्रॅफिकमधून, नागोठण्यावरून, माणूस हवेसाठी तडफडत असताना, रोह्याला. मी टेम्पोच्या फाळक्याला धरून ओरडले, "पेणला का नाही थांबलात?"

बाबा खाली उडी मारून आले. धापा टाकत होते. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मी कधी विसरणार नाही, अभिमान होता. "परक्याकडं कशाला नेऊ?" ते म्हणाले. "तू हायस ना."

मला त्या वेळी त्यांना मारावंसं वाटलं. मग मी कामाला लागले.

दादाच्या तोंडातून गुलाबी फेस येत होता. तो मला ओळखत नव्हता. मैत्रिणीची ड्यूटी संपली होती, तरी ती धावत आली. तिनं मास्क धरला, मी शीर शोधली, सरांनी घशात नळी घातली. पुढे पनवेलला न्यायला गाडी बोलावली होती. गाडी येईपर्यंत तरी टिकायला हवा होता. मैत्रीण श्वास द्यायचा फुगा दाबत होती आणि त्याच्या कानाशी सारखी म्हणत होती, "दादा, श्वास घ्या, दादा." तिनं त्याला त्या आधी कधी पाहिलंही नव्हतं. गाडी आवारात शिरली तेव्हा तो गेलेला होता.

सर दारात गेले आणि त्यांनी सांगितलं. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. सगळे गप्प. सर म्हणाले होते तसेच गप्प. बाहेर पनवेलला जायच्या गाडीचं इंजिन चालू होतं, तेवढाच आवाज.

मग एकजण म्हणाला, "सकाळी हितनं सोडला कुणी ह्याला?"

ज्यांनी त्याला टेम्पोत घातलं ते सगळे तिथंच उभे होते. नजरा माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता. पण त्या माझ्यावर थांबल्या नाहीत. माझ्याकडून बाबांकडे गेल्या, बाबांवरून घसरल्या, आणि खोलीत दुसरं काही शोधू लागल्या. मैत्रीण दादाच्या पलंगाशी होती. तिनं हळूच त्याच्या घशातली नळी काढली आणि चादर वर ओढायला घेतली.

"हिनं नळी काढली!" कुणीतरी म्हणालं.

"अहो, ते गेले," ती म्हणाली. "काहून असं..."

"कोण हाय ही? कुठली हाय?"

बस्स. त्या एका प्रश्नानं सगळ्यांची सुटका झाली. खोलीत जणू हवा आली. ते तिच्यावर गेले. मी ओरडले की ती नव्हतीच सकाळी, तिनं काही केलेलं नाही, मला विचारा, मला. मला कुणी धक्काही दिला नाही. एका काकांनी तर मला खांद्याला धरून अलगद बाजूला केलं, "तू हो बाय तिकडं." लग्नात पंगत वाढताना पोरांना बाजूला करतात तसं. सरांनी मला दुसऱ्या दारातून बाहेर ओढलं आणि पुन्हा आत धावले. दार फळ्यांचं होतं. फटीतून मला पाठी दिसत होत्या. गावच्या पाठी, लहानपणापासून पाहिलेल्या. त्यांत इस्त्रीचा शर्ट होता. पाठीवरून हात काय करतात ते कळत नाही.

पोलीस आले तोवर टेम्पो गेला होता, दादाला घेऊन. मैत्रिणीचं मनगट मोडलं होतं. चष्मा मिळाला, भिंगं नव्हती. डोक्यावरचे केस एका बाजूनं उपटले होते, तिथं ती सारखा हात नेत होती. मी तिच्या हाताला फळी बांधत होते तेव्हा तिनं विचारलं, "ती तुझ्या गावची माणसं होती का गं?"

मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील अकोल्याहून आले आणि तिला घेऊन गेले. साधा माणूस, हातात कापडी पिशवी. ते मला "धन्यवाद बेटा" म्हणाले. कशाबद्दल ते मला अजून कळलेलं नाही.

कंपनीनं हार्ट अटॅक म्हटलं. गावानं म्हटलं की एका बाहेरच्या डॉक्टरणीनं नळी काढली. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नाहीत, छान नांदल्या. तांबूस धुराचं नाव कुणी काढलं नाही. मी काढत होते. सगळ्यांना सांगत होते. लोक मान हलवायचे आणि म्हणायचे, "तू नको मनाला लावून घेऊ, बाय."

दिवसकार्यानंतर मी गावाला गेले. जायचं नव्हतं, पण न जाणंही जमलं नाही. वाटलं होतं की लोक तोंड फिरवतील. झालं उलटंच. ओट्याओट्यावरून हाका आल्या, चहा घेऊन जा, बस की. वरच्या आळीत दादाच्या आईनं माझ्या दोन्ही गालांवर हात ठेवले. ती म्हणाली, "तू होतीस म्हणून बरं, गो. शेवटी आपल्या माणसाच्या हातात गेला." मी तिच्या पाया पडले आणि पळत सुटले. विहिरीशी जाऊन ओकले.

मला तोवर लोकांची भीती वाटत नव्हती. राग होता. त्या दिवशी विहिरीच्या कठड्याला धरून मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती त्यांच्या रागाची नव्हती. ते मला जे प्रेम देत होते, त्याची होती. मी पेणला बसले की हीच माणसं येणार. माझं ऐकणार नाहीत, कारण मी त्यांची. वाटेतले चांगले डॉक्टर सोडून माझ्याकडे येणार, कारण मी त्यांची. आणि कुणी गेलं की माझ्या शेजारी जी नर्स उभी असेल, जी कुणी शिकाऊ मुलगी उभी असेल, बाहेरगावची, तिला विचारणार, तू कुठली? आणि मी बाजूला उभी असणार, अंगावर ओरखडा नसलेली.

घरी बाबा जेवायला बसले होते. आईनं मलाही वाढलं. वालाचं बिरडं होतं, मला आवडतं म्हणून नारळ जास्त घातलेलं. थोडा वेळ आम्ही जेवलो. मग मी विचारलं.

"बाबा, तिला मारलं तेव्हा तुम्ही पुढं होतात की मागं?"

आई म्हणाली, "जेवताना काय ते."

बाबा घास चावत राहिले. मग म्हणाले, "तुला कुणी बोट लावलं काय?"

"नाही."

"लावतील कसं! तू आपली हायस." हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं की माझे डोळे भरून आले. माझे बाबा वाईट नाहीत. दुसऱ्याच्या घरी मयत झालं तर लाकडं फोडायला पहिले जाणारे आहेत ते.

"तुम्ही हात लावलात का तिला?"

"सगळी पुढं झाली," ते म्हणाले. "मी एकटा मागं कसा राहीन? लोक काय म्हणाले असते? आपल्या पोरीला वाचवायला मागं राहिला, असंच ना." ते माझ्याकडे बघत नव्हते. "जोरात नाय मारलं मी. आणि कसं हाय, तिचं कुणी नव्हतं ना तिथं. कुणी असतं तर एवढं झालं नसतं."

हे त्यांनी सबब म्हणून सांगितलं नाही. पाऊस का पडला नाही ते सांगावं तसं सांगितलं. मी ताटातला भात एका बाजूला सारला. मैत्रिणीला मी विहिरीवरून परततानाच फोन करून तिच्या पुस्तकांची नावं विचारून घेतली होती. तिनं ती दिली, आणि पळपुटी म्हणाली नाही.

"बाबा, मी परीक्षा देतेय," मी म्हटलं. "इंग्लंडला जायची."

आईच्या हातातला डाव थांबला. बाबा हसले, मी गंमत करतेय असं समजून. मग माझा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं.

"इंग्लंडला?" ते म्हणाले. "तिकडं तुझं कोण हाय, गो?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "तिचं नव्हतं तसं."

बाबांनी पुढचा घास उचलला होता, तो तसाच ताटात ठेवला. मी काय म्हणाले ते त्यांना कळलं होतं. आई त्यांना विचारत राहिली, "काय झालं? अहो, काय झालं?"